फूटपट्टी, स्वेटर आणि द्राक्षाचे पान : दहावीच्या वर्गात दोन बलांची तुलना

हा वर्ग ज्या पाठ्यक्रमानुसार शिकत होता, त्यात स्थितिक विद्युत आणि गुरुत्वाकर्षण हे दोन विषय एकमेकांपासून बरेच दूर पडले आहेत. स्थितिक विद्युत सातवीत येते, तीही घर्षण, स्पर्श आणि प्रवर्तन यांच्या साध्या प्रयोगांपुरती. गुरुत्वाकर्षण दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1 मध्ये पहिलाच पाठ म्हणून सूत्र आणि गणिती उदाहरणांसह येते. प्रभारांमधील बलाचे सूत्र, म्हणजे कूलोमचा नियम, अकरावीत विज्ञान शाखा घेणाऱ्यांच्याच वाट्याला येतो. दोन्ही सूत्रांची घडण सारखी असली (एकात दोन वस्तुमानांचा, दुसऱ्यात दोन प्रभारांचा गुणाकार, आणि दोन्हींत अंतराच्या वर्गाने भागाकार), तरी ती शेजारी ठेवून पाहण्याची वेळ शाळेच्या वेळापत्रकात कुठेच येत नाही. नाशिकमधील मराठी माध्यमाच्या एका माध्यमिक शाळेत ही वेळ मुलांच्याच खोडीमुळे आली. त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. विज्ञानाच्या बाईंच्या परवानगीने मी ते तास मागच्या बाकावर बसून पाहिले आणि नंतर मुलांच्या वह्याही वाचल्या.

डिसेंबरचा महिना होता आणि पूर्वपरीक्षेआधीची उजळणी चालू होती. महिना सांगणे आवश्यक आहे, कारण हा पाठ मुळात जूनमध्ये शिकवला जातो आणि नाशिकच्या जूनमधल्या दमट हवेत घासलेल्या पट्टीवर प्रभार फारसा टिकत नाही. डिसेंबरमध्ये मात्र हवा कोरडी आणि थंड असते, वर्गातील बहुतेक मुलांच्या अंगात स्वेटर असतात, आणि प्लॅस्टिकची फूटपट्टी बाहीवर चार वेळा घासली तरी कागदाचे कपटे टपाटप उचलते.

बाईंनी फळ्यावर पाठातील ओळखीचे उदाहरण घेतले होते. 75 किलोग्रॅम आणि 80 किलोग्रॅम वस्तुमानाच्या दोन व्यक्ती एकमेकांपासून 1 मीटर अंतरावर बसल्या आहेत, तर त्यांच्यातील गुरुत्वीय बल किती? उत्तर सुमारे 4×10⁻⁷ न्यूटन येते. एका मुलीने विचारले, “बाई, एवढंसं बल कोणी मोजलंय का, की नुसतं सूत्रात घालून काढायचं?” या प्रश्नाकडे पुन्हा यावे लागेल. त्याच वेळी तिच्या मागच्या बाकावर पट्टीने कपटे उचलण्याचा उद्योग चालला होता. बाईंनी पट्टी जप्त केली नाही. त्यांनी ती सर्वांना दाखवली आणि वहीत उत्तर लिहायला सांगितले: पट्टीने कपटा उचलला, म्हणजे कपट्याला खाली ओढणाऱ्या सबंध पृथ्वीपेक्षा पट्टीचे बल जास्त ठरले का? कारण लिहा.

पुष्कळ मुलांनी “घासल्यामुळे पट्टीत चुंबकत्व येते” असे लिहिले. हा समज जुना आहे आणि तो तिथल्या तिथे दूर करता येतो: घासलेली पट्टी टाचणीपेक्षा कागद सहज उचलते आणि चुंबक कागदाला ढुंकूनही पाहत नाही. खरा विचार करायला लावणारी उत्तरे तीन होती. खासगी क्लासला जाणाऱ्या एका मुलाने लिहिले होते की विद्युत बल गुरुत्वाकर्षणाच्या 10³⁹ पट असते, म्हणून पट्टी जिंकते. दुसऱ्या एकाचे म्हणणे असे की दोन्ही बले अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतात, पट्टी एका सेंटिमीटरवर आहे आणि पृथ्वीचे केंद्र 6400 किलोमीटर खाली, म्हणून जवळची वस्तू वरचढ ठरते. तिसरे उत्तर एका मुलीचे होते. तिने अकरावीतल्या भावाच्या वहीतून कूलोमचे सूत्र पाहून ठेवले होते. तिने सरळ लिहिले होते: “कागदावर प्रभार नाही. गुणाकारातली एक संख्या शून्य, म्हणून बल शून्य. मग कागद का उचलला गेला ते कळत नाही.”

या तिन्ही उत्तरांत मला तिसरे सर्वांत मोलाचे वाटले. पाठ केलेले सूत्र आणि डोळ्यांसमोरची घटना यांचा मेळ बसत नाही, हे त्या मुलीने ओळखले होते आणि उत्तर नीटनेटके दिसावे म्हणून ते झाकले नव्हते. गुण देताना “कळत नाही” या वाक्याला शून्य देण्याची आपली सवय आहे. बाईंनी मात्र चर्चेची सुरुवात त्याच वाक्यापासून केली.

कपट्यावर निव्वळ प्रभार नसतो हे खरे, पण त्यात धन आणि ऋण असे दोन्ही प्रभार अगणित असतात. ऋणप्रभारित पट्टी वरून जवळ आली की कपट्यातील ऋणप्रभार किंचित दूर सरकतो आणि पट्टीकडील बाजू किंचित धन होते. जवळच्या धन बाजूवरील आकर्षण दूरच्या ऋण बाजूवरील प्रतिकर्षणापेक्षा जास्त असल्यामुळे एकूण परिणाम आकर्षणाचा होतो. सातवीत मुले ज्याला प्रवर्तन म्हणून शिकली होती, ते हेच. म्हणजे सूत्र चुकीचे नव्हते. ते सबंध कपट्याला एकदाच न लावता दोन्ही बाजूंच्या प्रभारांना वेगवेगळे लावायला हवे होते. या बलाची अंतरानुसार होणारी घटही वर्गाच्या प्रमाणापेक्षा वेगाने होते. बाईंनी पट्टी अगदी सावकाश खाली आणून दाखवली, तेव्हा दोन-तीन सेंटिमीटरवर कपटे ढिम्म पडून राहिले आणि एका ठरावीक उंचीला पट्टी येताच एकदम उभे राहून झेपावले. त्यांतला एखादा पट्टीला चिकटून राहिला, तर एखादा क्षणभर टेकून लगेच बाजूला उडाला, कारण स्पर्शाने त्याच्यावर पट्टीचाच प्रभार आला होता. दुसऱ्या झेपेचे हे कारण मुलांनी स्वतः सांगितले.

अंतराचे कारण देणाऱ्या मुलाचे म्हणणे अर्धे बरोबर होते आणि त्यामुळेच ते खोडणे अवघड होते. बाईंनी त्याला खोडले नाही, एक पडताळा सुचवला. न घासलेली पट्टी तेवढ्याच अंतरावर धरली तर काय होते? काहीच होत नाही. जवळ असणे हेच कारण असते, तर न घासलेल्या पट्टीनेही कपटा उचलला असता. मग हिशेब झाला. पाच मिलिमीटर लांबी-रुंदीचा वहीच्या कागदाचा कपटा साधारण 2 मिलिग्रॅमचा असतो आणि त्याचे वजन 2×10⁻⁵ न्यूटन. 20 ग्रॅमची पट्टी एक सेंटिमीटरवर एकवटली आहे असे मानले तरी तिचे कपट्यावरील गुरुत्वीय बल 3×10⁻¹⁴ न्यूटनच्या आतच राहते, म्हणजे वजनापेक्षा कोट्यवधी पटींनी कमी. पृथ्वीचे केंद्र दूर असले तरी तिचे वस्तुमान 6×10²⁴ किलोग्रॅम आहे, आणि सूत्रात दोन्ही संख्या एकदम बोलतात. घासण्याने पट्टीचे वस्तुमान किंवा अंतर बदलले नाही. बदलला तो फक्त प्रभार.

राहिले ते क्लासमधले 10³⁹. ही संख्या चुकीची नाही, पण ती कशाची आहे हे न सांगता दिली जाते, ही माझी जुनी तक्रार आहे. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यातील अंतर सुमारे 5.3×10⁻¹¹ मीटर धरले, तर त्यांच्यातील विद्युत बल 8.2×10⁻⁸ न्यूटन आणि गुरुत्वीय बल 3.6×10⁻⁴⁷ न्यूटन येते. त्यांचे गुणोत्तर 2.3×10³⁹ होते. अंतर दोन्ही सूत्रांत एकाच रीतीने येत असल्यामुळे ते गुणोत्तरातून निघून जाते आणि ही संख्या जणू निसर्गाचा स्थिरांक आहे असे वाटू लागते. पण दोन प्रोटॉन घेतले की तीच तुलना 1.2×10³⁶ वर येते आणि दोन इलेक्ट्रॉन घेतले की 4.2×10⁴² वर जाते. म्हणजे ही संख्या त्या दोन बलांची नसून निवडलेल्या जोडीच्या प्रभाराची आणि वस्तुमानाची आहे. जोडी सांगितल्याशिवाय “कोणते बल मोठे” हा प्रश्न पुरा होत नाही, आणि दहावीच्या मुलाला या दोन बलांविषयी एकच गोष्ट शिकवायची झाली तर ती हीच असावी, असे माझे ठाम मत आहे.

बाईंनी हे अणूवर न थांबवता पुन्हा फळ्यावरच्या त्या दोन व्यक्तींकडे नेले. त्यांच्यातील 4×10⁻⁷ न्यूटनच्या गुरुत्वीय बलाएवढेच विद्युत बल होण्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर किती प्रभार हवा? कूलोमच्या स्थिरांकासाठी 9×10⁹ ही किंमत घेऊन मुलांनी उत्तर काढले: सुमारे 6.7×10⁻⁹ कूलोम. ही संख्या लहान की मोठी हे नुसते पाहून कळत नाही, म्हणून मी मागून एक माहिती पुरवली. माणसाच्या शरीराची विद्युत धारकता, म्हणजे दर व्होल्टमागे प्रभार साठवण्याची क्षमता, साधारण 100 पिकोफॅरड (10⁻¹⁰ कूलोम दर व्होल्टमागे) धरतात, आणि स्वेटर काढताना किंवा खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावताना बोटाला जी ठिणगी जाणवते, ती जाणवण्यासाठी अंग सुमारे 3000 व्होल्टपर्यंत प्रभारित झालेले असावे लागते. त्यावरून अंगावरचा प्रभार 3×10⁻⁷ कूलोम येतो, म्हणजे बरोबरीसाठी लागणाऱ्या प्रभाराच्या सुमारे 45 पट. एवढा प्रभार दोघांवरही असेल, तर एक मीटरवर त्यांच्यातील विद्युत बल 8×10⁻⁴ न्यूटन, गुरुत्वीय बलाच्या सुमारे 2000 पट. माणसे बिंदुरूप नाहीत, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे, पण त्याने वर्गात शांतता पसरली. रोज सकाळी स्वेटर काढताना आपण विद्युत बलाला आपल्या दोघांमधल्या गुरुत्वाकर्षणाच्या कितीतरी पुढे नेतो, हे कोणाच्याच मनात आले नव्हते. आणि तरीही दोघांपैकी कोणीही जागचे हलत नाही, कारण ही दोन्ही बले बाक आणि जमिनीच्या घर्षणापुढे नगण्य आहेत, हेही त्याच हिशेबातून दिसले.

पहिल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे जागेवर आले. एवढे लहान बल खरोखर मोजले गेले आहे. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा नियम 1687 मध्ये मांडला, पण प्रयोगशाळेतील दोन वस्तूंमधील आकर्षण मोजायला शंभराहून अधिक वर्षे गेली. 1797-98 मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने बारीक तारेला आडवा दांडा टांगून त्याच्या टोकांना शिशाचे लहान गोळे लावले, त्यांच्याजवळ प्रत्येकी सुमारे 158 किलोग्रॅमचे मोठे गोळे आणले आणि तारेला पडलेल्या पिळावरून बल काढले. ते बल 10⁻⁷ न्यूटनच्या घरातले, म्हणजे पाठातील उदाहरणाएवढेच होते. हवेच्या झुळकीने दांडा हलू नये म्हणून उपकरण बंद खोलीत ठेवून तो बाहेरून दुर्बिणीतून निरीक्षण करत असे. तारेच्या पिळाचीच युक्ती वापरून शार्ल कूलोमने 1785 मध्ये प्रभारांमधील बल मोजले होते. त्याला मात्र शिशाचे अवजड गोळे लागले नाहीत. अगदी हलके प्रभारित गोळे पुरले. दोन प्रयोगांच्या सामानातला हा फरक दोन बलांमधला फरक कोणत्याही आकड्याइतक्या स्पष्टपणे सांगतो.

दुसऱ्या दिवशीच्या तासाला चर्चेने अनपेक्षित वळण घेतले. मखमलाबादकडून येणारा एक मुलगा, ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे, उठून म्हणाला, “बाई, आमच्याकडे फवारणीचं इलेक्ट्रोस्टॅटिक मशीन आहे. त्यात औषधाला करंट देतात. साध्या ब्लोअरनं पानाच्या वरच बसतं, यानं खालून पण बसतं. डावणीला तेच लागतं.” द्राक्षावरील डावणी रोगाची बुरशी पानाच्या खालच्या बाजूला वाढते, म्हणून औषध तिथे पोहोचणे बागायतदाराच्या दृष्टीने कळीचे असते. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी ते यंत्र कधी ना कधी पाहिले होते, पण त्याचा विज्ञानाच्या तासाशी संबंध असेल असे त्यांना वाटले नव्हते.

या यंत्रात औषधी पाण्याचे अतिशय बारीक थेंब नोजलमधून बाहेर पडतानाच प्रभारित होतात. वेल मुळांवाटे जमिनीशी जोडलेली असल्याने थेंबांचा ढग जवळ आला की पानांवर प्रवर्तनाने विरुद्ध प्रभार येतो. वेलीपर्यंत थेंब नेण्याचे काम हवेचा झोत करतो. अखेरच्या काही सेंटिमीटरांत झोत मंदावतो आणि तिथे विद्युत बल हाती सूत्रे घेते. ते पानाच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे काही थेंब वळून खालच्या बाजूला जाऊन बसतात. पट्टी आणि कपटा यांच्यात जे घडले तेच इथे घडते, फक्त प्रभार थेंबावर असतो आणि प्रवर्तन पानात होते.

आम्ही एका थेंबाचा हिशेब केला. व्यास 40 मायक्रॉन धरला, तर वस्तुमान सुमारे 3.4×10⁻¹¹ किलोग्रॅम. दर किलोग्रॅममागे 5 मिलिकूलोम प्रभार आहे असे मानले, तर थेंबावर 1.7×10⁻¹³ कूलोम, म्हणजे सुमारे दहा लाख जादा इलेक्ट्रॉन. आता या थेंबाचे वजन तोलून धरायला मीटरमागे साधारण 2000 व्होल्ट, म्हणजे सेंटिमीटरमागे 20 व्होल्टचे विद्युतक्षेत्र पुरते. कोरडी हवा सेंटिमीटरमागे सुमारे 30,000 व्होल्टपर्यंत ठिणगी न पडता टिकते, हे लक्षात घेतले की 20 व्होल्ट किती क्षुल्लक आहेत हे कळते. पण मुलांच्या मनावर ठसला तो दुसराच आकडा. त्या थेंबात पाण्याचे सुमारे 10¹⁵ रेणू असतात. म्हणजे शंभर कोटी रेणूंमागे एक जादा इलेक्ट्रॉन, एवढ्या नाममात्र असमतोलाने पृथ्वीच्या ओढीला तोलून धरणारे बल मिळते. विद्युत बल किती प्रबळ आहे हे यातून कळते, आणि एरवी ते जाणवत का नाही हेही यातूनच कळते: वस्तूंमधील धन आणि ऋण प्रभारांची बरोबरी इतकी काटेकोर असते की उरते ते जवळजवळ शून्य.

साहजिकच क्लासवाल्या मुलाने विचारले की मग पृथ्वी सूर्याभोवती विद्युत बलाने का फिरत नाही. याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही वेगळी सांगावी लागतात. पहिले, वस्तुमानाला ऋण चिन्ह नाही. प्रभार एकमेकांना खोडतात, वस्तुमाने फक्त साठत जातात. सूर्य आणि पृथ्वी विद्युतदृष्ट्या जवळजवळ उदासीन असल्याने त्या अंतरावर गुरुत्वाकर्षणच उरते. दुसरे कारण आकाराचे. थेंबावरचा प्रभार पृष्ठभागावर राहतो आणि वस्तुमान सबंध आकारमानात असते. थेंबाचा व्यास दहापट केला की पृष्ठभाग शंभरपट आणि वस्तुमान हजारपट होते, म्हणून पृष्ठभागावरची प्रभाराची दाटी तीच ठेवली तर थेंब तोलायला दहापट क्षेत्र लागते. चार मिलिमीटरच्या पावसाच्या थेंबाला तेच क्षेत्र सेंटिमीटरमागे 2000 व्होल्ट लागेल. त्याहून फार मोठ्या वस्तूवर एवढी दाटी साचण्याआधीच हवा प्रभार गळवून टाकते. बारीक कणांच्या जगात विद्युत बलाचे राज्य आणि डोंगर-ग्रहांच्या जगात गुरुत्वाकर्षणाचे, याचे मूळ या भूमितीतही आहे.

हे दोन्ही एकाच यंत्रात पाहायचे असेल तर नाशिककरांना लांब जावे लागत नाही. एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्रासारख्या कोळशावरील केंद्रात चिमणीकडे जाणाऱ्या धुरातील राखेचे कण उच्च दाबाच्या तारांनी प्रभारित करून धातूच्या उभ्या पत्र्यांकडे ओढले जातात. एकेका कणाच्या बाबतीत वजन विद्युत बलापुढे टिकत नाही. पण पत्र्यावर राखेचा थर जमला की पत्र्याला ठोके देतात, थर ढेकळांच्या रूपात सुटतो आणि स्वतःच्या वजनाने खालच्या नरसाळ्यात पडतो. तीच राख, पण सुटा कण आणि ढेकूळ यांच्यावर वेगवेगळ्या बलांची सत्ता.

उजळणीच्या शेवटी बाईंनी तोच मूळ प्रश्न पुन्हा लिहायला दिला. चुंबकत्वाचे उत्तर जवळपास नाहीसे झाले होते. 10³⁹ लिहिणाऱ्या मुलाने या वेळी त्यासमोर “इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यासाठी” असे लिहिले, आणि माझ्या दृष्टीने हा या साऱ्या खटाटोपाचा सर्वांत ठोस परिणाम होता. काही अडचणी मात्र तशाच राहिल्या. अनेक मुलांनी पट्टीचे कपट्यावरील बल काढताना पुन्हा कूलोमचे सूत्र थेट लावले आणि कपट्यासाठी मनानेच एक प्रभार घेतला. प्रवर्तनातील बलाला दहावीच्या गणिताने हात घालता येत नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते. द्राक्षबागेतल्या मुलाचाही एक प्रश्न राहिला होता: दाट मांडवात आतल्या पानांना या यंत्राने औषध कमी का पोहोचते? प्रभारित थेंब जवळच्या बाहेरच्या पानांकडेच आधी खेचले जातात आणि बाहेरच्या पानांच्या पडद्यामुळे आतपर्यंत विद्युतक्षेत्र फारसे पोहोचत नाही, हे त्याला मान्य झाले. छाटणीनंतर फुटवे विरळ ठेवण्यामागे हेही एक कारण असू शकते, असे त्याचे त्यानेच सुचवले.

पुढील वर्षासाठी बाईंनी आणि मी क्रम बदलायचे ठरवले आहे. जूनमध्ये पाठ शिकवताना दोन व्यक्तींचे उदाहरण सोडवल्यावर फळ्यावर त्याच्या शेजारचा रकाना रिकामा ठेवायचा आणि मुलांच्या वहीतही तो तसाच राहू द्यायचा. पट्टी आणि कपट्यांचा प्रयोग पावसाळ्यात करायचा नाही. तो कोरडी हवा पडल्यावर, ऑक्टोबर छाटणीनंतर बागांमध्ये फवारण्या चालू असताना करायचा आणि मग तो रकाना भरायचा. कूलोमचे सूत्र दहावीच्या परीक्षेत विचारले जात नाही, त्यामुळे ते पाठ करून घ्यायचे नाही. त्यातील स्थिरांकाची किंमत फळ्यावर देऊन फक्त तुलना करायला लावायची. आणि तुलनेच्या प्रत्येक उत्तरात, ती कोणत्या दोन वस्तूंमधली आहे, हे लिहिल्याशिवाय पूर्ण गुण द्यायचे नाहीत.